पोटाचे व्यायाम: रोज की दिवसाआड, आणि किती जोर लावून?

पोटाचे व्यायाम किती वेळा करायचे हे विचारायला गेलं की दहा जणांकडून दहा उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं रोज शंभर सिट-अप मारा, कुणी म्हणतं पोटाला वेगळा व्यायाम लागतच नाही, स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये (वजन घेऊन उठबस करणं आणि जमिनीवरून वजन उचलणं) तो आपोआप होतो. मी जानेवारीत सुरुवात केली तेव्हा चाळिशी उलटली होती, दोन बाळंतपणं झाली होती, काम बैठं होतं आणि वर्षातून एकदोनदा कंबर धरायची. पोटावर चौकटी दिसाव्यात अशी इच्छा नव्हती. वाकून काही जड उचलायचं झालं की मनात जी धास्ती यायची, ती जायला हवी होती. सप्टेंबर उजाडेपर्यंत ती बरीचशी गेली. मधल्या काळात काय केलं, कुठे थांबावं लागलं, कशाला किती वेळ लागला, ते क्रमाने लिहितेय. शून्यातून सुरू करणाऱ्या कुणाला त्यातून थोडा धीर मिळावा, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात व्यायामाने नाही, कागदांनी झाली. जिममध्ये नाव घालताना एक प्रश्नावली भरून घेतली. पार-क्यू म्हणतात तिला, आणि ती बऱ्याच देशांत चालते. त्यात सात प्रश्न असतात: हृदयाचा त्रास आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का, श्रम करताना छातीत दुखतं का, गेल्या महिन्याभरात बसल्या जागी दुखलं का, चक्कर येऊन तोल जातो का, व्यायामाने वाढेल असं हाडांचं किंवा सांध्यांचं दुखणं आहे का, रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का, आणि याखेरीज व्यायाम न करण्याचं काही कारण आहे का. सगळीकडे 'नाही' आलं तर लगेच सुरू. एक जरी 'हो' आला तर डॉक्टरांचं पत्र आणा. माझा पाचव्या प्रश्नाला 'हो' होता, कंबरेमुळे. काउंटरवरच्या मुलीने हळूच सुचवलं की 'नाही' लिहिलंत तरी चालेल, बरेच जण तसंच करतात. मी 'हो' तसाच ठेवला. सुरुवात त्यामुळे महिनाभर लांबली, पण पुढचं सगळं जे नीट झालं ते त्या महिन्यामुळेच, असं मला आता मनापासून वाटतं.

डॉक्टरांची वेळ आठवड्याने मिळाली. त्यांनी उभं राहून खोकायला सांगितलं आणि बेंबीभोवती, जांघेत हाताने चाचपून पाहिलं. हर्निया असेल तर खोकताना तिथे फुगवटा लागतो. पायात मुंग्या येतात का, कुठे बधिर वाटतं का, खोकताना-शिंकताना लघवी निसटते का, हेही विचारलं. हा शेवटचा प्रश्न आपण बायका संकोचाने उडवून लावतो. तसं करू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल असतील तर पोटाच्या जोराच्या व्यायामाचा दाब थेट त्यांच्यावर येतो आणि त्रास वाढू शकतो. डॉक्टरांना ते आधी कळलं तर व्यायाम त्या हिशोबाने बसवता येतो.

पत्रात त्यांनी 'व्यायामास हरकत नाही' एवढंच लिहून दिलं. जिमने ते परत केलं. त्यावर तारीख नव्हती आणि काय टाळायचं तेही नव्हतं. म्हणजे आणखी एक हेलपाटा. पत्र हातात पडताच तिथेच उभं राहून तीन गोष्टी बघा: तारीख, सही-शिक्का, आणि काय चालेल व काय नको याची निदान एक ओळ. त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा, कारण जिम, ट्रेनर आणि फिजिओथेरपिस्ट तिघेही ते मागतात.

फिजिओथेरपिस्टकडची तारीख आणखी तीन आठवड्यांनी होती. तोवर मी वाचत बसले. माझा पहिला गोंधळ तिथे सुटला, म्हणून त्यातलं थोडं सांगते.

पोटाचा जो स्नायू सगळ्यांना ठाऊक असतो तो रेक्टस ॲब्डॉमिनिस. ओटीपोटाखालच्या हाडापासून निघून तो वर पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळतो. त्याला आडवे छेदणारे तंतुमय पट्टे असतात आणि चौकटी दिसतात त्या त्यांच्यामुळे. ते किती आणि कुठे असणार हे जन्मतःच ठरलेलं असतं, व्यायामाने चाराचे सहा होत नाहीत. दोन्ही बाजूंना बाहेरचे आणि आतले तिरके स्नायू, आणि सगळ्यांच्या खाली आडवा जाणारा ट्रान्सव्हर्सस. 'पोटाचे स्नायू वेगळेच असतात, ते दमत नाहीत, म्हणून रोज चालतात' असं मला अनेकांनी सांगितलं होतं. पण या स्नायूंचे नमुने काढून तपासले गेले तेव्हा त्यांत संथ तंतू निम्म्याहून थोडे जास्त आणि बाकीचे जलद, असं मिश्रण निघालं. दंड-मांड्यांच्या स्नायूंपेक्षा फार निराळं काही नाही. म्हणजे नियमही तेच लागू व्हायला हवेत: पुरेसा ताण, मग विश्रांती, मग थोडा जास्त ताण.

दुसरी गोष्ट चरबीची. पोटाचा व्यायाम केला म्हणजे पोटाचीच चरबी उतरते, हा समज किती पक्का आहे ते काउंटरवर उभं राहिलं की ऐकू येतं. १९८४ च्या एका प्रयोगात काही पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ सिट-अप काढल्या. त्यांच्या पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही जागच्या चरबीच्या पेशी आधी आणि नंतर मोजल्या, तर पोटाला झुकतं माप काही मिळालेलं नव्हतं. २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासात २४ जण होते. त्यांतल्या व्यायाम करणाऱ्या गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात प्रकार केले. पोटाची चरबी आणि घेर जवळपास होता तिथेच राहिला, स्नायूंचा दम मात्र वाढला. हे वाचलं आणि माझ्यावरचं एक ओझं उतरलं. घेर हा विषय खाणं, झोप आणि एकूण हालचालीचा. पोटाच्या व्यायामाकडून मला फक्त ताकद मागायची होती. ताकद मागायची तर रोज शेकडो रेप्स काढण्यात, म्हणजे तीच हालचाल शेकडो वेळा करण्यात, अर्थ नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट मॅडमची भेट झाली. त्यांनी आधी मला उताणं झोपवून, गुडघे दुमडून, डोकं किंचित उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटं आडवी ठेवली. गरोदरपणात पोटाच्या उभ्या स्नायूचे दोन भाग एकमेकांपासून लांब जातात आणि काही जणींच्या बाबतीत ते नंतरही पूर्ण जवळ येत नाहीत. माझं अंतर बेंबीपाशी दोन बोटांच्या आत होतं. 'अंतर किती यापेक्षा दाब दिल्यावर मधली रेषा घट्ट राहते का, हे मला जास्त महत्त्वाचं,' असं त्या म्हणाल्या. त्यांनी माझीच बोटं तिथे ठेवायला लावली. श्वास सोडत डोकं उचललं की बोटांखाली ताण जाणवायचा. श्वास रोखून उचललं की मधे डोंगरासारखा उंचवटा यायचा. 'हा उंचवटा दिसला की तो व्यायाम आज तुमच्यासाठी जास्त झाला. लगेच एक पायरी खाली यायचं.' जोर किती लावायचा याचं मला मिळालेलं पहिलं माप ते होतं, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं तेही तेच.

मग दमाच्या चाचण्या झाल्या. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी या चाचण्यांचे आकडे कसे वाचायचे ते लिहून ठेवलंय. बसून मागे रेलून पोटाच्या बळावर किती वेळ टिकता, पालथं पडून पाठीच्या बळावर किती वेळ टिकता, आणि उजव्या-डाव्या कुशीवर किती वेळ. आकडा मोठा येण्यापेक्षा त्यांच्यातलं प्रमाण महत्त्वाचं. पोटाचा वेळ पाठीच्या वेळापेक्षा कमी असावा, एका कुशीचा वेळ पाठीच्या पाऊण पटीच्या आत असावा, आणि दोन कुशींमध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. माझी उजवी बाजू ३८ सेकंद टिकली आणि डावी २४. कंबर नेहमी डावीकडेच का धरायची, याचं पूर्ण उत्तर त्यात होतं असं मॅडम म्हणाल्या नाहीत, पण काम कुठून सुरू करायचं ते ठरलं. हे सगळे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. तुम्हीही लिहा. आपण पुढे सरकतोय की नाही हे आरशात फार उशिरा दिसतं.

फेब्रुवारी आणि मार्च हलक्या कामात गेले. तीन व्यायाम होते, तेही मॅकगिल यांचेच. पहिला छोटा कर्ल-अप: एक पाय सरळ, एक दुमडलेला, दोन्ही तळवे कंबरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच वर. दुसरा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपराच्या टेकूने अंग सरळ उचलून धरणं, सुरुवातीला गुडघ्यांवर. तिसरा बर्ड-डॉग, म्हणजे हातपायांवर रांगण्याच्या स्थितीतून उजवा हात आणि डावा पाय लांब करणं, मग उलट. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. डाव्या कुशीला एक फेरी जास्त. त्याला जोडून डेड-बग दिला होता: उताणं पडून हात-पाय वर, आणि विरुद्ध हात-पाय हळूहळू खाली न्यायचे. त्यात एक हात कंबरेखाली सरकवून बघायचा. पाय खाली जाताना कंबर उचलली गेली आणि हात मोकळा झाला, की पाय तिथेच थांबवायचा. पहिल्या आठवड्यात माझा पाय जमिनीपासून बराच वर थांबायचा. मार्चअखेर टाच जमिनीला टेकायला लागली.

हे काम मी जवळजवळ रोज करायचे. इथे 'रोज की दिवसाआड' या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मिळालं. ज्या व्यायामाने दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही, ज्यात शेवटची रेप पहिलीइतकीच स्वच्छ निघते, तो रोज चालतो. तो सवयीचा आणि नियंत्रणाचा व्यायाम असतो. ताकद मात्र त्याने एका मर्यादेपर्यंतच वाढते. सुरुवातीच्या आठवड्यांत जी झपाट्याने सुधारणा दिसते ती बरीचशी मज्जासंस्थेची असते. स्नायूंना एकत्र काम करायची आज्ञा नीट पोहोचायला लागते. स्नायू स्वतः जाडजूड व्हायला वेळ आणि वजन दोन्ही लागतं.

एक गोष्ट मॅडमनी बजावून सांगितली: उठल्या उठल्या पोटाचे वाकण्याचे व्यायाम नकोत. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात आणि सकाळी पहिल्या तासात वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. १९९८ च्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्यांनी नुसतं सकाळचं वाकणं आवरलं तरी त्यांचं दुखणं कमी झालं होतं. मी व्यायाम संध्याकाळी नेला. सकाळच जमत असेल तर तासभर हिंडूफिरून मग करा. श्वासाचं म्हणाल तर सेकंद मोठ्याने मोजायचे. तोंडाने आकडे म्हणत असताना श्वास रोखून धरता येत नाही, आणि श्वास रोखून जोर लावल्याने रक्तदाब एकदम चढतो तेही टळतं.

एप्रिलमध्ये वजन आलं आणि जिममधल्या ट्रेनर दादांचं काम सुरू झालं. मॅडमनी दिलेला कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर सिट-अप नको असं लिहिलेलं होतं. दादांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी ते मानलं. कारण सोपं आहे. पाय अडकवून पूर्ण उठून बसायचं म्हटलं की पहिला थोडा भाग पोट उचलतं आणि पुढचं ओढण्याचं काम मांडीला कण्याशी जोडणारे स्नायू करतात. ते कंबरेच्या मणक्यांनाच जोडलेले असतात, त्यामुळे ज्यांची कंबर आधीच नाजूक आहे त्यांना ही ओढ सोसत नाही. अमेरिकी लष्करात १९८० पासून दोन मिनिटांत किती सिट-अप निघतात याची परीक्षा व्हायची. नव्या चाचणीत २०२२ पासून तिच्या जागी प्लँक आहे, म्हणजे कोपरं आणि पायांची बोटं टेकून पालथं अंग सरळ धरून ठेवणं. सगळ्यांनीच सिट-अप सोडाव्यात असं माझं म्हणणं नाही. निरोगी कंबरेला त्या चालतात. मला त्यांच्यावाचून काही अडलं नाही एवढंच.

वेळापत्रक असं बसलं: आठवड्यातून तीन दिवस, मधे किमान एक पूर्ण दिवस मोकळा. पाठ-मांड्यांचे मोठे व्यायाम आधी आणि पोट शेवटी, कारण पोट आधीच दमलं तर वजन उचलताना कणा सांभाळायला कुणी उरत नाही. प्रत्येक वेळी जास्तीत जास्त दोन प्रकार, प्रत्येकाचे दोन सेट (सलग काढलेल्या रेप्सचा एक गट म्हणजे सेट), पुढे तीन. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. एका दिवशी वजनाच्या यंत्राच्या केबलला दोरी लावून गुडघ्यांवर बसून क्रंच (दोरी धरून पोट आकसत खाली वाकायचं) आणि पॅलॉफ प्रेस, म्हणजे बाजूने ओढणारी केबल छातीसमोर सरळ धरून ठेवायची आणि अंग वळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी रिव्हर्स क्रंच (उताणं पडून गुडघे छातीकडे आणत नितंब उचलायचे) आणि साइड प्लँक. तिसऱ्या दिवशी व्हील, म्हणजे मुठींचं चाक जमिनीवर पुढे ढकलून परत ओढणं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा सर्वसाधारण सल्ला प्रत्येक मोठ्या स्नायुगटासाठी आठवड्यातून दोन ते तीन दिवसांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचे बळकटीचे व्यायाम करायला सांगतात. पोटाला यातून वगळलेलं कुठेच दिसत नाही.

जोर किती, याचं माप दादांनी दिलं. सेट संपल्यावर स्वतःला विचारायचं, अशाच स्वच्छ आणखी किती निघाल्या असत्या? पाच-सहा निघाल्या असत्या तर वजन हलकं आहे. एकही नसती निघाली तर आज जास्त झालं. दोन निघाल्या असत्या तर बरोबर. वहीत मी रेप्सच्या आकड्यापुढे हा 'उरलेला' आकडा लिहायला लागले. १५ रेप्स काढूनही दोन-तीन उरायला लागल्या की वजन एक पायरी वर आणि रेप्स पुन्हा आठ-दहावर. जळजळ हे माप नव्हे. हलक्या वजनाच्या पन्नास रेप्सनंतर पोट पेटल्यासारखं होतं, पण स्नायूला वाढायला लागणारा ताण त्यात पुरेसा असेलच असं नाही.

पहिल्या वजनाच्या दिवसानंतर अंग काय दुखलं! त्या रात्री काही नाही, दुसऱ्या दिवशी हसताना कळ, आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताचा टेकू घ्यावा लागला. हे दुखणं २४ ते ७२ तासांच्या मधे कळसाला जातं आणि मग आपोआप ओसरतं. तोच व्यायाम पुन्हा केला की पुढच्या खेपेला निम्मंही दुखत नाही, हा शरीराचा ठरलेला प्रतिसाद आहे. त्यामुळे घाबरून सोडू नका आणि पहिल्याच दिवशी दोनच्या जागी पाच सेटही मारू नका. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. अतोनात व्यायामानंतर स्नायू फार सुजले, हात लावू देईनात आणि लघवी चहाच्या रंगाची गडद झाली, तर घरी वाट न बघता दवाखाना गाठा. स्नायू मोडून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. एका बैठकीत शेकडो सिट-अप काढणाऱ्यांना असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मे महिन्यात जिममध्ये 'महिनाभर रोज पोट' अशी एक टूम निघाली. मैत्रिणी त्यात होत्या, आणि मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं की रोज केल्याने जास्त मिळतं का. दादांशी बोलून मी तीन आठवड्यांपुरता बदल केला: आठवड्याचे एकूण सेट तेवढेच ठेवले, फक्त तीनऐवजी पाच दिवसांत वाटले. वही बघून जे दिसलं ते असं. केबल क्रंचमध्ये काही फरक नाही, वजन आणि रेप्स पूर्वीच्याच गतीने पुढे सरकले. पॅलॉफ प्रेस तर छोट्या हप्त्यांत जास्त नीट झाला. व्हील मात्र लागोपाठच्या दिवशी बिघडायचं. पहिल्या दिवशी आठ रेप्स स्वच्छ, दुसऱ्या दिवशी पाचवीलाच कंबर खाली झोळ द्यायची. एकट्या माझ्या वहीवरून नियम काढणं बरोबर नाही, पण २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण झालं त्याचाही रोख हाच आहे: आठवड्याचं एकूण काम सारखं असेल तर ते किती दिवसांत वाटलं याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. तेव्हा दिवस आपल्या सोयीने वाटा, पण सगळ्यात अवघड व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी त्याच स्नायूंना सुट्टी द्या. मी पुन्हा तीन दिवसांवर आले, कारण मला तेच पेलतं. मैत्रिणींपैकी ज्यांनी हलके प्रकार निवडले होते त्यांचा महिना छान पार पडला. ज्या रोज अवघड प्रकार करत होत्या त्यांनी अर्ध्यावर सोडलं.

जून-जुलै व्हीलचे होते, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण माझी कंबर खरी बदलली ती याने. हे साधं चाक असतं, दोन्ही बाजूंना मुठी. गुडघे मॅटवर टेकून चाक पुढे ढकलायचं आणि परत ओढायचं. यातली सगळी मेख लांब जाताना कंबर न खचू देण्यात आहे. दादांनी भिंतीची युक्ती शिकवली. मॅट भिंतीपासून अशा अंतरावर ठेवायची की कंबर खचायच्या आधीच चाक भिंतीला टेकेल. निघण्यापूर्वी नितंब आवळून ओटीपोट किंचित पुढे वळवायचं, बरगड्या खाली ओढून घ्यायच्या, आणि मग श्वास सोडत, हळू, चाक भिंतीपर्यंत. तिथे क्षणभर थांबून परत. त्या अंतरावर दहा रेप्स जमल्या आणि दोन शिल्लक वाटल्या की मॅट चार बोटं मागे. बस्स. काही आठवड्यांत चार बोटं, काही आठवड्यांत काहीच नाही. मी मॅटच्या कडेशी जमिनीवर चिकटपट्टीचे तुकडे लावायचे आणि त्यावर तारीख टाकायचे. जुलैच्या शेवटी भिंतीची गरज संपली. हात पूर्ण लांब, नाक जमिनीच्या जवळ, आणि कंबर सपाट. त्या संध्याकाळी मी मॅटवर तशीच पडून राहिले आणि मला अगदी भरून आलं.

मधे दोन अडथळे आले. एकदा जूनमध्ये सगळेच आकडे अडकले, झोपही कमी होत होती. दादांनी एक आठवडा सेट निम्मे करायला लावले, वजन तेच. पुढच्या आठवड्यात आकडे पुन्हा हलले. तेव्हापासून दर सहा-सात आठवड्यांनी असा हलका आठवडा मी आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवते. दुसरा अडथळा खोकल्याचा. खोकताना पोटाचे स्नायू इतके काम करतात की त्यांना वेगळा व्यायाम द्यायची सोय राहत नाही. खोकला पूर्ण थांबेपर्यंत पोट बंद ठेवलं, परत आल्यावर आधीच्या साधारण दोन-तृतीयांश कामापासून सुरू केलं आणि दोन आठवड्यांत पूर्वपदावर आले.

ऑगस्टअखेर फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे फेरतपासणी झाली. या वेळी तारीख मी जूनमध्येच घेऊन ठेवली होती, त्यामुळे ताटकळणं नव्हतं. उजवी कूस ५४ सेकंद, डावी ५२. पोट आणि पाठीचं प्रमाणही हव्या त्या बाजूला. बेंबीपाशी बोटांखालचा ताण घट्ट, डोकं उचलताना उंचवटा नाही. घेराचा आकडा म्हणाल तर किंचित खाली आला, आणि त्याचं श्रेय मी पोटाच्या व्यायामाला देणार नाही. त्याच काळात माझं चालणंही वाढलं होतं. धास्तीचं मात्र वेगळं घडलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला कपाट सरकवायचं होतं. ते झाल्यावर कितीतरी वेळाने लक्षात आलं की कंबरेचा विचारच मनात आला नव्हता.

आता अवघड कामाचे दोन दिवस ठेवलेत आणि एक हलका. मिळवलेलं टिकवायला तेवढं पुरतं असं वहीतले आकडे सांगतात. रांगण्याचा आणि कुशीचा व्यायाम बहुतेक दिवशी होतो, पाच-सात मिनिटांत. कागदांचं एक काम बाकी आहे. पार-क्यूची मुदत बारा महिन्यांची असते आणि मधे तब्येतीत काही बदल झाला तर ती त्याआधीच संपते. म्हणून डिसेंबरमध्येच डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवणार आहे, तारखेसकट पत्र मागणार आहे. पुढचं काम बारला लटकून गुडघे छातीशी आणण्याचं. दादांनी करून बघायला लावलं तर पोट दमायच्या आधी हाताची पकडच सुटली. त्यामुळे ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे वहीत नुसतं लटकणं लिहिलंय, वीस-वीस सेकंदांचं.